हाताची घडी, तोंडावर बोट आणि टाळ्यांची अपेक्षा

डिसेंबर उजाडला की शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाचे वारे वाहू लागतात. महिनाभर तालमी चालतात, संवाद पाठ होतात, कपडेपटाची जमवाजमव होते. प्रत्यक्ष प्रयोगाच्या वेळी मात्र अनेकदा एक विचित्र अनुभव येतो. सायंकाळी पालकांसमोर ज्या नाटुकलीला टाळ्यांचा कडकडाट होतो, तीच नाटुकली सकाळी शाळेतल्या मुलांपुढे सादर होते, तेव्हा विनोदावर कोणी हसत नाही आणि पडदा पडल्यावर तुरळक टाळ्या वाजतात. रंगमंचावरून उतरलेली मुले त्यातून एकच अर्थ काढतात, तो म्हणजे आपले काहीतरी चुकले. त्यांतील एखादे मूल पुढच्या वर्षी नावच देत नाही.

हा अर्थ बहुधा चुकीचा असतो. पालक आपल्या मुलाला पाहायला येतात, त्यामुळे त्यांचा प्रतिसाद आधीच ठरलेला असतो. शाळकरी प्रेक्षक स्वेच्छेने आलेला नसतो. त्याला रांगेने आणून बसवलेले असते. पाहुण्यांचे स्वागत, अहवालवाचन आणि पारितोषिक वितरण उरकेपर्यंत सतरंजीवर बसून त्याचे पाय अवघडलेले असतात. संवाद मागच्या रांगांपर्यंत पोहोचत नाहीत आणि जे ऐकूच आले नाही, त्यावर हसणार कसे? वरच्या वर्गांतील मुलांची अडचण निराळी असते. पहिली टाळी वाजवणाऱ्याकडे सगळा वर्ग वळून पाहतो. त्या वयात मित्रांच्या थट्टेचे भय मोठे, म्हणून आवडले तरी हात हलत नाहीत.

याहून मूलभूत कारण शाळेच्या शिस्तीत आहे. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ हा धडा मूल वर्षभर गिरवते. वर्गात मोठ्याने हसणे म्हणजे गैरवर्तन, हेही ते शिकते. संमेलनाच्या दिवशीही ‘शांत बसा’ ही सूचना ध्वनिक्षेपकावरून वारंवार होते आणि पाचच मिनिटांत त्याच मुलांकडून उत्स्फूर्त दाद अपेक्षिली जाते. प्रेक्षक थंड असतो असे नाही. तो आज्ञाधारक असतो.

प्रतिसादाचा विचार आपल्याकडे फार प्राचीन आहे. भरताच्या नाट्यशास्त्रातील २७व्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचे, म्हणजेच यशाचे, दोन प्रकार सांगितले आहेत. स्मित, हास्य, ‘साधु’सारखे उद्गार, अंगावरचे रोमांच, आसनावरून उठणे ही मानुषी सिद्धीची लक्षणे. दैवी सिद्धीत मात्र रंगमंडप भरलेला असतो आणि तेथे ना शब्द असतो, ना गडबड. म्हणजे शांतता हे अपयशाचेच लक्षण नव्हे. प्रश्न शांतता कोणती, हा आहे. मुले कुजबुजत असतील, पाठीमागे वळत असतील, तर लक्ष उडालेले आहे. माना उंचावलेल्या असतील आणि चुळबूळ थांबली असेल, तर ती शांतता टाळ्यांहून मोलाची. रंगमंचावरच्या मुलांना हा फरक आधीच समजावून द्यायला हवा.

मराठी लोकपरंपरेने तर प्रतिसाद कधी गृहीत धरलाच नाही, तो घडवला. कीर्तनकार श्रोत्यांना आधी नामघोषात सामील करून घेतो, मग आख्यानाकडे वळतो. पोवाड्यात शाहिरामागचे झीलकरी ‘जी जी’ची साथ देत राहतात, त्यामुळे श्रोत्यांच्या मनातही तो ठेका भिनतो. शाळेच्या कार्यक्रमातही पहिला भाग असाच सर्वांना सामावून घेणारा असावा. एकदा साऱ्यांचा आवाज फुटला की संकोच ओसरतो.

काही उपाय अगदी साधे आहेत. भाषणे थोडकी ठेवावीत किंवा कार्यक्रमानंतर घ्यावीत. शिक्षकांनी भिंतीकडेला पहारा देत उभे राहण्याऐवजी मुलांमध्ये बसावे आणि मनापासून हसावे. पहिल्या टाळीची जोखीम त्यांनी उचलावी. दोन-तीन तालमी दुसऱ्या एखाद्या वर्गापुढे घ्याव्यात, म्हणजे निःशब्द प्रेक्षकांची सवय होते. दाद मिळाली नाही की मुले घाईने बोलू लागतात किंवा ओरडू लागतात आणि उरलेला प्रयोगही हातचा जातो. गती न सोडता समोरच्या सहकलाकाराचे बोलणे नीट ऐकणे, हा त्यावरचा उतारा. आणि ‘टाळ्या वाजवा’ असा हुकूम मात्र कधीही सोडू नये; हुकमी टाळी कलाकाराला लगेच ओळखू येते.

दुसऱ्या दिवशी वर्गात दहा मिनिटे त्या प्रयोगाविषयी बोलणे झाले, तर आदल्या दिवशी गप्प बसलेली मुले एकेक संवाद आठवून सांगताना दिसतील. तो उशिरा आलेला प्रतिसाद कलाकार मुलांच्या कानांवर पडला पाहिजे. नाहीतर ‘आपले चुकले’ हाच समज घेऊन एखादे मूल कायमचे रंगमंचापासून दूर जाते.