डायनामो उतरवण्याआधी

किल्ली फिरवली, सेल्फने नुसतं ‘टक्’ केलं. धक्का मारून गाडी गॅरेजपर्यंत पोचते, तर बॉनेट उघडायच्या आधीच निदान तयार: डायनामो गेलाय!

खरं तर आजच्या मोटारीत डायनामो नसतोच. अमेरिकेत क्रायस्लरने १९६०च्या व्हॅलियंट गाडीला ऑल्टरनेटर दिला, पुढे सगळीकडे तोच रुळला. गॅरेजमध्ये नाव जुनंच राहिलं आणि एक जुनी युक्तीही. इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची. गाडी बंद पडली तर डायनामो खराब. आता असं केलं तर व्होल्टेज एकदम उसळून ऑल्टरनेटरचे डायोड किंवा इंजिनाचा कंप्युटर जळू शकतो.

त्यापेक्षा साधा मल्टिमीटर बरा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ती भरलेली; १२च्या खाली असेल तर जवळजवळ रिकामी. तशी असेल तर आधी चार्जरवर लावायची, नाहीतर पुढचे आकडे फसवतात. इंजिन चालू झाल्यावर बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. नव्या काही गाड्यांत इंधन वाचवायला कंप्युटरच व्होल्टेज उतरवतो, म्हणून हेडलाइट लावून पुन्हा मोजायचं.

आकडा तरीही कमीच? मग ऑल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरचा बोल्ट तपासायचा, फिरत्या पट्ट्यापासून हात सांभाळून. समजा तिथे १४.३ आणि बॅटरीवर १३.१ आले. म्हणजे वीज नीट तयार होतेय, पण १.२ व्होल्ट वाटेतच गळतायत. धड वायरीत ही घट ०.३च्या वर जात नाही. गळती सापडते ती टर्मिनलवरच्या पांढऱ्या-हिरवट थरात नाहीतर सैल नटाखाली. इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजली असेल, तरी बॅटरी उपाशीच राहते.

डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवाही पाहायचा. किल्ली ‘ऑन’ केल्यावर तो लागलाच पाहिजे. अनेक जुन्या गाड्यांत ऑल्टरनेटरला सुरुवातीची वीज त्या दिव्यातूनच मिळते. बल्ब उडाला की चार्जिंगही थांबू शकतं.

बोल्टवरही आकडा चढत नाही, पट्टा ताठ आहे, फ्यूज आणि दिवा शाबूत आहेत, तेव्हा पाना हातात घ्यायचा. त्यातही कित्येकदा झिजलेले असतात ते फक्त आतले कार्बन ब्रश, आणि वायंडिंगवाला तेवढेच बदलून देतो.