टाकीची किल्ली कोणाच्या हाती?

तलासरी तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात मी नर्स होते तेव्हाची गोष्ट. जूनचा दुसरा आठवडा होता. पहाटे एकाच पाड्यावरून सात माणसे आली. जुलाब, उलट्या, डोळे खोल गेलेले. दोन लेकरांनी तर आईच्या खांद्यावर मान टाकली होती. सलाइन लावता लावता मी विचारले, पाणी कुठले पिता? एक आजी म्हणाली, "नळाचंच पितो सिस्टर. विहीर कधीच सोडली."

ड्युटी संपल्यावर मी पाड्यावर गेले. टाकी नवी होती, नळ घरोघरी होते. पण व्हॉल्वच्या खड्ड्यात गढूळ पाणी साचलेले, टीसीएल पावडरीचे पोते ओल धरून दगड झालेले. पंप चालवणाऱ्याला कित्येक महिने मानधन मिळाले नव्हते. घरात चार तोंडे, तो तरी किती दिवस थांबणार? तो वापीला कंपनीत लागला होता. टाकीची किल्ली शेजारच्या घरात खिळ्याला लटकत होती.

त्या दिवशी एक गोष्ट मनात पक्की बसली. योजना झाली म्हणजे पाणी शुद्ध झाले, असे नाही. टाकीवर रोज जाणारा, काम शिकलेला आणि वेळेवर पैसे मिळणारा माणूस असेल तरच पाणी शुद्ध राहते.

नळाचे पाणी का बिघडते?

डहाणू-तलासरीत पाऊस धो धो पडतो, पण खालचा काळा कातळ पाणी धरून ठेवत नाही. मार्चपासून विहिरी तळ गाठतात. मग नळाला एक दिवसाआड, कधी दोन दिवसांआड पाणी येते. पाणी बंद झाले की पाइप रिकामा होतो, आणि रिकामा पाइप जिथे फट असेल तिथून बाहेरची घाण आत ओढतो. पाइप गटारातून गेला असेल तर पुढचे सांगायला नको. शिवाय नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी आणि तलासरी परिसराला भूकंपाचे लहान-मोठे धक्के बसत आले आहेत. धक्का बसला की घराच्या भिंती बघतो, तसे टाकी आणि पाइपाचे जोडही बघायला हवेत. पण बघणार कोण?

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशन जाहीर झाले. दर माणशी रोज ५५ लिटर पाणी घरातल्या नळाला, असे त्याचे उद्दिष्ट. बांधून झालेली योजना चालवायची जबाबदारी मात्र ग्रामपंचायतीची आणि तिच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीची. त्या समितीत निम्म्या महिला आणि पाव हिस्सा दुर्बल घटकांतले सदस्य असावेत, असे मिशनच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आपल्या वस्तीतल्या किती जणींना हे माहीत आहे?

घराने करता येण्यासारखे काम

आपली आयटीआय झालेली मुले दोन पाळ्या करायला बोईसरला जातात. दहावी-बारावी झालेल्या सुना घरी आहेत. अशा एका घराने चार-पाच गावांच्या पाणी योजना सांभाळायला घेतल्या तर? मुलगा मोटर, स्टार्टर, व्हॉल्व आणि गळती बघेल. सून पाणी तपासेल, नोंदवही ठेवेल. सासू घरोघर जाऊन पाणीपट्टीची पावती देईल, कारण कोणाच्या घरात काय अडचण आहे हे तिलाच ठाऊक असते. केंद्र सरकारच्या 'नल जल मित्र' प्रशिक्षणात नळजोडणी, वीज आणि पंप ही तिन्ही कामे शिकवतात. नाव ग्रामपंचायतीमार्फत जाते. पाणी तपासणीच्या किटसाठी प्रत्येक गावातून पाच महिलांना शिकवायचे, हेही मिशनमध्येच आहे.

बाईला पंप जमेल का, असे कोणी विचारले तर बांदा जिल्ह्याचे सांगा. उत्तर प्रदेशच्या या कोरड्या भागात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला 'महिला समाख्या' कार्यक्रमात दलित आणि कोल आदिवासी बायका हातपंप दुरुस्ती शिकल्या. त्यातल्या बहुतेकींना तोवर अक्षरओळखही नव्हती. ज्यांना पाण्याजवळ येऊ देत नव्हते, त्यांच्याच हातात पाना आला.

रोजचे काम असे

टाकी भरली की टीसीएल. साधारण १,००० लिटरला ५ ग्रॅम हे प्रमाण धरतात. म्हणजे ५०,००० लिटरच्या टाकीला २५० ग्रॅम. पावडर तशीच टाकू नका. बादलीत पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरचे निवळ पाणी टाकीत ओता. अर्धा तास थांबा, मग नळ सोडा. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. झाकण उघडे राहिले, ओल लागली की तो उडून जातो. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरू नये. तोंडाला फडके, हातात मोजे हवेतच. अॅसिड किंवा फिनेलजवळ ही पावडर ठेवू नका.

त्यानंतर सगळ्यात शेवटच्या घरातल्या नळाचे पाणी घेऊन ओटी टेस्ट करा. थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला पाहिजे. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा. टाकीजवळच्या नळाला पिवळा रंग आला आणि शेवटच्या घरात आलाच नाही, तर मध्ये कुठेतरी पाइप फुटलेला असण्याची शक्यता मोठी. ते शेवटचे घर बहुतेक वेळा आपल्या वस्तीत किंवा कातकरी पाड्यावर असते, म्हणून तपासणी तिथूनच सुरू करायची. जंतूंची तपासणी वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, तर रासायनिक तपासणी एकदा प्रयोगशाळेतून करून घ्यायची. किनाऱ्याकडच्या गावांत बोअरचे पाणी खारट लागते. ते टीसीएलने गोड होणार नाही, हे लोकांना स्पष्ट सांगायचे.

पैशाचा हिशोब

आकडे मांडून बघू. समजा गावात १५० घरे आहेत आणि ग्रामसभेने महिना ६० रुपये पाणीपट्टी ठरवली. सगळ्यांनी भरली तर ९,००० रुपये. त्यातून आधी विजेचे बिल, मग टीसीएल, मग मोटर जळाली तर लागणारी शिल्लक बाजूला. उरलेल्यावर एक कुटुंब जगणार नाही. म्हणून एका गावावर अवलंबून राहू नका. उधव्यापासून कास्यापर्यंतच्या पट्ट्यात जवळजवळची चार-पाच गावे घेतली तर एक मोटारसायकल, एक पाना-पेटी आणि एक वेल्डर सगळ्यांना पुरतो.

पट्टीखेरीज ग्रामपंचायतीकडे दुसरे पैसेही असतात. १५व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानाचा ६० टक्के भाग बंधित होता आणि त्यातला निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी होता. आपले दोन्ही तालुके पेसा क्षेत्रात येतात, तेव्हा पेसाच्या ५ टक्के अबंध निधीचा हिशोबही ग्रामसभेत विचारता येतो.

केनियात क्वाले आणि किटुई या भागांत 'फंडीफिक्स' नावाने असेच काम चालते. गाव दर महिन्याला ठरलेली छोटी रक्कम भरते आणि पंप बिघडला की तीन दिवसांत दुरुस्त करून देण्याची हमी मिळते. पूर्वी तिथे पंप महिनाभर बंद पडून राहायचे. आपणही हेच ठरवावे. दर बिघाडाला पैसे घेतले तर पंप बिघडण्यात मेकॅनिकचा फायदा. महिन्याची ठरीव रक्कम घेतली तर पंप चालू राहण्यातच त्याचा फायदा.

करार हवा, वतन नको

आता सगळ्यात महत्त्वाचे. गावाचे काम घराण्याने करायचे म्हटले की माझ्या अंगावर काटा येतो. आपल्या पणजोबांनी ते केले आहे. महार वतनात रात्री-अपरात्री हाक आली की घरातल्या कोणालाही जावे लागे आणि मोबदला काय, तर बलुत्याचे दाणे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि पुढच्याच वर्षी, १९२८ साली, मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात बदल करणारे विधेयक मांडले. पाण्यावरचा हक्क आणि कामाचा मोबदला हे दोन लढे असे लागोपाठ उभे राहिले. वतन कायद्याने संपले ते १९५८ च्या कायद्याने.

म्हणून टाकीचे काम घ्यायचे ते लेखी करारावर. मुदत किती, रक्कम किती, कोणत्या तारखेला मिळणार, कामाचे तास कोणते, मोटर जळाली तर खर्च कोणाचा, सगळे ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या. पाणीपट्टी ग्रामपंचायतीच्या खात्यातच जमा होऊ द्या. आपल्या हातात रोकड नको, संशयही नको. "टाकी धुणे तुमचेच काम" असे कोणी म्हणाले तर करारातले कलम दाखवा. ते कौशल्याचे काम आहे आणि त्याला दर आहे. टाकीत एकट्याने कधी उतरू नका, दुसरा माणूस वर उभा हवाच.

आणि उलट बाजूही तितकीच खरी. किल्ली आपल्या हाती आली म्हणून कोणाचे पाणी तोडायचे नाही. पट्टी थकली तर तो निर्णय ग्रामसभेचा. आपल्या दोन तालुक्यांत बहुतेक घरे वारली, कातकरी, कोकणा अशा आदिवासींची आहेत, आपली घरे थोडी. ज्यांना पाणी नाकारले गेले त्यांनीच दुसऱ्याचे पाणी अडवले, तर चवदार तळ्यावर जाऊन आपण काय सांगणार?

पुढच्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. टाकीची किल्ली कोणाकडे आहे? त्या माणसाला शेवटचे पैसे कधी मिळाले? शेवटच्या घरातल्या नळाची ओटी टेस्ट कधी झाली? तिन्हींची उत्तरे मिळाली नाहीत, तर पाऊस सुरू होईपर्यंत थांबू नका. तोवर घरातले पाणी उकळून प्या आणि घरात ओआरएसची चार पाकिटे ठेवा.