भंडाऱ्याचा चिन्नोर: नावावर हक्क कुणाचा?

भंडारा जिल्ह्याच्या सुगंधी चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळाले आहे. हे पेटंट नव्हे. पेटंट नव्या शोधाला २० वर्षांसाठी मिळते. बियाण्याला आपल्या कायद्यात पेटंट नाहीच. ट्रेडमार्क विकता येतो, कॉपीराइट पुस्तक-गाण्यांसाठी असतो. जीआय मात्र त्या मुलखातल्या उत्पादकांचे सामाईक, ते विकता येत नाही. सीमेपलीकडच्या बालाघाटच्या चिन्नोरचे मानांकन वेगळे आहे. १९९९ च्या कायद्याखालची जीआय नोंद दर १० वर्षांनी नूतनीकरण मागते.

पण संस्थेच्या नावे नोंद झाली की काम संपले, हा समज घातक आहे. शेतकऱ्याने स्वतः ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंदणी केली, तरच पोत्यावर ते नाव हक्काने छापता येते. ही नोंदणी गावोगाव व्हायलाच हवी.

हक्काची नोंद नसली की काय होते, याचे उदाहरण जवळच आहे. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८० च्या दशकात एचएमटी धान निवडून काढले. वाण दूरवर पसरले, पण त्याच्या विक्रीतला वाटा त्यांना मिळाला नाही. तेव्हा शेतकऱ्याच्या वाणाला संरक्षण देणारा कायदाच नव्हता; तो २००१ मध्ये आला.