खोकल्याची बाटली उघडण्यापूर्वी

हवा पालटली की घरोघरी मुलांचं खोकणं सुरू होतं आणि आपला हात सवयीने फडताळातल्या बाटलीकडे जातो. औषध गोड, रंगीत. मुलंही कुरकुर न करता घेतात. पण मैत्रिणींनो, ही बाटली वाटते तितकी निरुपद्रवी नसते.

पातळ औषधात ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉलसारखा द्रव घालतात. तो हलक्या प्रतीचा, कारखानी वापराचा असला तर त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष असू शकतं. चवीला तेही गोडच, त्यामुळे जिभेला पत्ता लागत नाही. मूत्रपिंडं मात्र निकामी होतात. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात अशा भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले. चौकशीसाठी लेंटिन आयोग नेमला गेला. तरीही २०२५ मध्ये मध्य प्रदेशात, मुख्यतः छिंदवाडा जिल्ह्यात, खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुलं गेली. त्यांतल्या कितीतरी जणांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं.

भेसळ घरी ओळखता येत नाही; ते काम सरकारी तपासणीचं. विनाकारण बाटली न उघडणं मात्र आपल्या हाती आहे. साधा सर्दी-खोकला बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप बरा होतो. दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखालीही सहसा टाळावीत, असं केंद्र सरकारने २०२५ मध्ये बजावलं आहे. कोमट पाणी, विश्रांती आणि वर्षावरील मुलांना चमचाभर मध एवढ्यानेही घशाला आराम पडतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध चाटवू नका.

डॉक्टरांनी औषध दिलंच, तर एवढं सांभाळा:

• चहाचा चमचा वापरू नका. बाटलीबरोबरच्या मापानेच औषध द्या.
• थोरल्याचं उरलेलं औषध धाकट्याला देऊ नका.
• दोन औषधांत एकच घटक नाही ना, हे डॉक्टरांना विचारा.
• मूल पूर्ण बरं होईपर्यंत बाटली आणि पावती जपून ठेवा. बाटलीवरच्या बॅच नंबरावरूनच पुढे शोध लागतो.

औषध सुरू असताना मुलाला उलट्या होऊ लागल्या, ते सुस्तावलं किंवा त्याची लघवी कमी झाली, तर औषध थांबवा आणि बाटली घेऊन लगेच रुग्णालय गाठा. श्वास जोरात चालत असेल किंवा बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तरीही घरी थांबू नका. शेजारीण काहीही म्हणो, अशा वेळी रात्र सरण्याची वाट पाहायची नसते.