चांदोबा लपविण्याचे वय

मुलाच्या ओठांवर मिसरूड दिसू लागले आणि मॅट्रिकचे वर्ष दृष्टिपथात आले की, अनेक मराठी घरांत एक छोटासा समारंभ कसलाही गाजावाजा न होता पार पडत असे. दर महिन्याला डोळ्यांत प्राण आणून ज्याची वाट पाहिली, तो ‘चांदोबा’ एकाएकी ‘धाकट्या भावाचा’ होत असे. वाचणारा तोच आणि वाचण्याची ओढही तीच. बदलत असे ती केवळ मालकी. पोस्टमनने टाकलेला अंक सर्वांआधी उघडायचा, विक्रम-वेताळाची गोष्ट उभ्या उभ्या संपवायची आणि कोणाची चाहूल लागताच अंक धाकट्याच्या दप्तरावर ठेवून द्यायचा. बीजगणिताच्या पुस्तकात तो लपत नसे. भूगोलाच्या नकाशासंग्रहात मात्र बेमालूम मावत असे, आणि त्या काळात कित्येक मुलांना भूगोलाची अकस्मात गोडी लागल्याचे पालकांच्या लक्षात आले असेल!

‘एवढा घोडा झालास, अजून चांदोबा वाचतोस?’ हे वाक्य घरातील कोणीही उच्चारावे आणि मुलाने कानकोंडे व्हावे, हा शिरस्ता होता. मुलींच्या वाट्याला ही लाज काहीशी कमी येई; कारण त्या वयात त्यांच्या हातातील अंक काढून घेऊन तेथे निवडायची भाजी देण्याचे काम घरातील मंडळी तत्परतेने करीत. गंमत अशी की, त्याच घरातील आजोबा दुपारच्या विश्रांतीनंतर चष्मा पुसून तोच अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत आणि त्यांना कोणी हसत नसे. आठ वर्षांच्या नातवाला लाज नव्हती, सत्तरीच्या आजोबांनाही नव्हती. ती होती फक्त मधल्या काही वर्षांची.

ही मधली वर्षे विलक्षण असतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात पौगंडावस्थेतील मनाचे एक वैशिष्ट्य सांगितले आहे. या वयातील मुलाला आपल्यासमोर सतत एक प्रेक्षकवर्ग बसला आहे असे वाटत राहते. आपले कपडे, आपला आवाज, आपल्या हातातील वस्तू यांच्याकडे सगळे जग टक लावून पाहत आहे, ही त्याची खात्री असते. प्रत्यक्षात जग आपापल्या कामात गढलेले असते. पण नसलेल्या प्रेक्षकांच्या भीतीने मुलगा आपल्या आवडीच्या गोष्टी एकेक करून अडगळीत टाकू लागतो. लगोऱ्या, काड्यापेट्यांचे छाप, तिकिटांचा आल्बम आणि चांदोबा, सर्वांची गत सारखीच.

या मुलांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. ज्या अंकाची त्यांना लाज वाटत होती, तो अंक शेकडो मैलांवर, तेव्हाच्या मद्रास शहरात, चांगली पोक्त माणसे गंभीर चेहऱ्याने तयार करीत होती.

वडपळनीचा पत्ता

आज चेन्नई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शहरात बदली होऊन गेलेल्या मराठी माणसाला ‘वडपळनी’ हे नाव प्रथमच ऐकूनही ओळखीचे वाटते. थोडे आठवले की उलगडा होतो. चांदोबाच्या अंकावर छापलेला पत्ता वडपळनीचा असे. तेलुगू आणि तमिळ चित्रपटसृष्टीतील मातब्बर निर्माते बी. नागिरेड्डी आणि त्यांचे सहकारी चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, तेलुगूत ‘चंदामामा’ आणि तमिळमध्ये ‘अंबुलिमामा’ सुरू केला. पुढे कन्नड आणि हिंदी आवृत्त्या निघाल्या, १९५२ साली मराठी चांदोबा आला आणि कालांतराने डझनभर भाषांत हे मासिक निघू लागले. संस्कृतमध्येही निघाले आणि श्रीलंकेतील मुलांसाठी सिंहलीतही. ‘पाताळभैरवी’ (१९५१) आणि ‘मायाबाजार’ (१९५७) हे गाजलेले चित्रपट याच जोडीचे होत. ज्यांना पडद्यावरची घटोत्कचाची मायानगरी आणि चांदोबातील राक्षस एकाच घराण्यातील वाटले, त्यांचा अंदाज चुकीचा नव्हता.

मूळ मजकूर बहुतांशी तेलुगूत सिद्ध होई, तेथून इतर भाषांत जाई आणि चित्रे मात्र सर्वत्र तीच राहत. त्यामुळे सोलापूर किंवा अकोल्याच्या मुलाने गोपुरे, नारळीच्या रांगा आणि खांद्यावर उपरणे घेतलेले दक्षिणी गृहस्थ प्रथम पाहिले ते चांदोबातच. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात दोन गोलसर, अनोळखी अक्षरे असत. ती वड्डादि पापय्या या चित्रकाराची ‘वपा’ अशी तेलुगू सही होती. मराठी मुलांना ती नक्षी वाटे.

या कार्यालयात बसून गोष्टींवर अखेरचा हात फिरविणारे गृहस्थ होते कोडवटिगंटि कुटुंबराव. तेलुगू साहित्यात त्यांचे स्थान मोठे आहे. मध्यमवर्गीय जीवनाचे कठोर वास्तववादी चित्रण करणारे कथाकार, बुद्धिवादी निबंधकार अशी त्यांची ख्याती. मनात आणले असते तर राजे, राक्षस आणि भुतांच्या गोष्टींची अशा लेखकाने चेष्टा केली असती. कुटुंबरावांनी १९५२ पासून १९८० साली निधन होईपर्यंत, अठ्ठावीस वर्षे, या गोष्टी साध्या, नेमक्या आणि पाल्हाळ नसलेल्या भाषेत बसविण्याचे काम केले. अंकावर संपादक म्हणून नाव असे ते चक्रपाणींचे. धूमकेतू, मांत्रिक आणि मगरदेवता यांच्या थरारक क्रमशः कथा रचणारे दासरी सुब्रह्मण्यम् यांचेही नाव त्या कथांवर छापले जात नसे. महिनाभर ज्यांच्या पुढच्या प्रकरणासाठी मुले तळमळत, त्यांचा लेखक कोण, हे त्या मुलांना कधी कळलेच नाही.

खांद्यावर प्रेत, हातात तलवार

चांदोबा म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते. रात्रीची वेळ, कवट्या आणि साप यांनी भरलेले रान, उपसलेली तलवार हातात घेऊन चाललेला तेजस्वी राजा आणि त्याच्या खांद्यावर लोंबणारे प्रेत. मासिकाचे मानचिन्हच म्हणावे अशा या चित्राचे कर्ते के. सी. शिवशंकरन, चित्रावरील सहीप्रमाणे ‘शंकर’.

शंकर यांचा जन्म १९२४ सालचा, धारापुरमजवळच्या खेड्यातला. बालपणीच ते मद्रासला आले. मद्रासच्या सरकारी कलाशाळेत देवीप्रसाद रायचौधुरी प्राचार्य असताना त्यांचे शिक्षण झाले, ‘कलैमगळ’ या तमिळ मासिकात त्यांनी उमेदवारी केली आणि १९५२ साली ते चंदामामाच्या चित्रशाळेत दाखल झाले. तेथून पुढची साठ वर्षे हा मनुष्य मुलांसाठी चित्रे काढीत राहिला. त्याच कलाशाळेतून बाहेर पडलेले चित्रकार आधुनिक कलेच्या दालनांत नाव मिळवीत होते. मासिकात गोष्टींसाठी चित्रे काढणाऱ्याची गणना त्या दालनांत सहसा होत नसे. शंकर यांच्या रेषेत मात्र कमीपणाची भावना औषधालाही सापडत नाही. राजवाड्याच्या खांबावरचे कोरीव काम, घोड्याच्या खोगिराची झालर, चोराच्या हातातील कंदील, प्रत्येक तपशील जबाबदारीने काढलेला. पाहणारा आठ वर्षांचा आहे, त्याला काय कळते, असा हिशेब त्यांनी केला नाही.

विक्रम-वेताळाच्या गोष्टींचा ढाचाही लक्षात घेण्यासारखा आहे. मूळ संस्कृत संग्रहात पंचवीस कथा असून शेवटच्या कोड्याचे उत्तर राजाला सापडत नाही. तो गप्प राहतो आणि तेथे फेरी संपते. चांदोबात पंचविसांचा आकडा केव्हाच मागे पडला. नव्या नव्या गोष्टी त्याच चौकटीत बसविल्या गेल्या, राजा दर महिन्याला तोंड उघडत राहिला आणि वेताळ झाडावर परतत राहिला. प्रत्येक गोष्टीच्या अखेरीस विचारला जाणारा प्रश्न न्यायाचा असे. अधिक त्याग कोणाचा, राजाचा निवाडा योग्य होता काय, वचन मोडणारा दोषी की मोडायला लावणारा? राजाचे उत्तर वाचण्याआधी पान हाताने झाकून स्वतः उत्तर शोधणारी मुले होती. हा खेळ बालिश कसा म्हणावा? न्यायाधीशांचे आणि, कर्जाच्या अर्जावर शेरा लिहिणाऱ्या शाखाधिकाऱ्यांचेही, काम याहून फार निराळे नसते.

रद्दीचा काटा

लाज वाटू लागलेल्या वस्तूंचे पुढे काय होते? घरच्या माळ्यावर त्या काही वर्षे विश्रांती घेतात आणि एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याच्या तराजूत जातात. मद्रासमध्ये अशा अंकांचा मुक्काम असे सेंट्रल स्टेशनाशेजारच्या मूर मार्केटमध्ये. ब्रिटिश अमदानीत उभारलेल्या या लाल इमारतीत जुन्या पुस्तकांच्या दुकानांची भलीमोठी रांग होती. आपल्याकडे मुंबईच्या फोर्टातील फुटपाथला जे महत्त्व, ते मद्रासमध्ये मूर मार्केटला. मे १९८५ मध्ये ही इमारत आगीत भस्मसात झाली. त्या रात्री किती मासिके, किती दुर्मीळ अंक जळाले, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

खुद्द मासिकाचीही वाट बिकट झाली. दूरदर्शनचे संच घरोघरी आले होते. मुलांच्या फावल्या वेळेला दावेदार वाढले होते. १९९८ साली प्रकाशन बंद पडले, पुढच्या वर्षाअखेरीस ते पुन्हा सुरू झाले, २००७ मध्ये मुंबईच्या जिओडेसिक या कंपनीने ते आपल्याकडे घेतले आणि २०१३ च्या सुमारास अंक येणे थांबले. शंकर यांचे २९ सप्टेंबर २०२० रोजी चेन्नईत वृद्धापकाळाने निधन झाले. २०२१ साली त्यांना मरणोत्तर ‘पद्मश्री’ जाहीर झाली, तेव्हा साठी ओलांडलेल्या असंख्य वाचकांनी त्यांचे ते एक चित्र परस्परांना पाठविले. यांपैकी कित्येकांनी आपले अंक किलोच्या भावाने दिले होते.

याच चेन्नईत मात्र या हकिकतीला छेद देणारी दुसरी एक हकिकत घडते आहे. शिवकाशीच्या एका प्रकाशनाने १९७२ साली ‘मुत्तु कॉमिक्स’ आणि १९८४ साली ‘लायन कॉमिक्स’ या चित्रकथा तमिळमध्ये सुरू केल्या. पहिला नायक होता पोलादी हाताचा ‘मायावी’, मूळचा इंग्लंडच्या साप्ताहिकातला. आपल्या पिढीने इंद्रजाल कॉमिक्समधील जंगलातला ‘वेताळ’ जसा वाचला, तसा तमिळ मुलांनी हा मायावी वाचला. इंद्रजाल १९९० साली बंद झाले. मुत्तु आणि लायन यांनाही मरगळ आली. अंक अनियमित झाले. परंतु २०१२ च्या जानेवारीत, चेन्नईच्या पुस्तक प्रदर्शनाच्या दिवसांत, लायनचा पुनरागमन विशेषांक आला आणि जुने वाचक परतले. हे वाचक मुले नव्हती. चाळिशी-पन्नाशीचे अभियंते, दुकानदार, बँकेतील कर्मचारी असे लोक होते. गुळगुळीत कागदावरील महागडी पुस्तके त्यांनी आगाऊ वर्गणी भरून घेतली आणि त्यांच्याच बळावर हे प्रकाशन तगून राहिले.

मोठ्या माणसांनी उघडपणे मागितल्याने एक चित्रकथा वाचली, आणि मोठ्या माणसांनी लपविल्याने दुसरे मासिक बुडाले, असा सोपा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. चांदोबाच्या अखेरीस व्यवसायातील अनेक कारणे होती. तरीही दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की विचार पडतो. तमिळ वाचकाने चाळिशीत जे केले, ते मराठी वाचकाला सुचले असते तर?

चेन्नईचे हे पुस्तक प्रदर्शन १९७७ पासून भरते. पोंगलच्या सुमारास तेथे लोटणाऱ्या गर्दीत चित्रकथांच्या दुकानासमोर टक्कल पडलेले, पोट सुटलेले गृहस्थ रांगेत उभे असतात. काहीजण बरोबर मुलगा घेऊन येतात. मुलाचे लक्ष मोबाइलमध्ये असते आणि वडील दुकानदाराला ‘मुलासाठी हवे आहे’ असे सांगून स्वतःला हव्या त्या अंकाचे नाव घेतात. दुकानदार मान डोलावतो. त्याला हे वाक्य पाठ आहे.

महाराष्ट्रात अजून असे दुकान नाही. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात किंवा मुंबईच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगाशी वाकलेला एखादा निवृत्त माणूस अधूनमधून दिसतो. तो चांदोबाविषयी विचारतो, तेव्हा आवाज किंचित खाली आणतो. मग मात्र थेट महिना आणि वर्ष सांगतो, कारण कथा नेमकी कोठे तुटली होती, हे त्याला पन्नास वर्षांनंतरही आठवते. मलपृष्ठ फाटलेले असले तरी चालेल, असेही तो सांगतो.