चाकखुर्चीच्या शर्यतीतील स्त्री-पुरुष अंतर

चाकखुर्चीच्या शर्यतीत स्त्री व पुरुष यांच्या वेळांत दिसणारा फरक कितपत नैसर्गिक व कितपत परिस्थितिजन्य, हा प्रश्न बोस्टन मॅरेथॉनच्या आधारे तपासता येतो. जळगाव-धुळे रस्त्याच्या निम्म्याहून कमी, असे हे ४२.१९५ किलोमीटरचे अंतर. एकाच दिवशी एकाच मार्गावर शर्यत होत असल्याने चढउतार उभयतांस समान असतात व हवामानही बहुतांशी सारखेच राहते.

१९७७ साली बॉब हॉल यांस २ तास ४० मिनिटे १० सेकंद लागले, तर शॅरन रॅन यांस ३ तास ४८ मिनिटे ५१ सेकंद. म्हणजे सुमारे ४३ टक्के अधिक. २०१७ साली मार्सेल हुग (१ तास १८ मिनिटे ४ सेकंद) व मानुएला शेर (१ तास २८ मिनिटे १७ सेकंद) यांच्यातील फरक १३ टक्केच उरला. चाळीस वर्षांत मानवी शरीर बदलत नाही. बदलल्या त्या खुर्च्या, सरावाच्या सोयी आणि स्पर्धेची दारे.

तथापि २०२४ साली विजेत्यांतील हा फरक पुन्हा २६ टक्के झाला. स्पर्धक मोजके असता एकाच खेळाडूच्या कामगिरीने आकडा फिरतो. केवळ विजेत्यांच्या वेळांवरून कल ठरविणे म्हणूनच सयुक्तिक नव्हे.

खानदेशात अशी पाहणी करू इच्छिणाऱ्या अभ्यासकाने वेळा मोजण्यापूर्वी, जळगाव व धुळे जिल्ह्यांत किती मुलींना शर्यतीची खुर्ची व सरावास मोकळा रस्ता मिळतो, हे मोजावे. संधी समान झाल्यावाचून उरलेल्या अंतरास निसर्गाचे नाव देणे अशास्त्रीय ठरेल.