इसब स्पर्शाने लागत नाही

पौष पौर्णिमेच्या सुमारास मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे जत्रा भरते. जनावरांचा बाजार आणि घोंगड्या यांसाठी ती प्रसिद्ध आहे. त्या थंडीत घोंगडी म्हणजे गरिबाची ऊब. पण काही घरांतल्या लेकराला हीच घोंगडी छळते. कोपराच्या घडीत, गुडघ्याच्या मागे ते रात्रभर खाजवते व सकाळी अंथरुणावर रक्ताचे डाग दिसतात. आई म्हणते उष्णता झाली, शेजारीण म्हणते नायटा, आणि आजी बिब्बा शोधू लागते. पुष्कळदा तो असतो इसब.

आपली कातडी म्हणजे घराची भिंतच. काहींची ही भिंत जन्मतःच कच्ची असते. तिच्यातून ओलावा बाहेर जातो. साबण, धूळ, लोकर यांचा त्रास आत पोचतो. खाज सुटते, खाजवल्याने भिंत आणखी फुटते. अशा घरात बहुधा कुणाला दमा किंवा सतत शिंका येण्याचा त्रासही असतो. यात पूर्वजन्मीचे पाप नाही की कुणाचा कोप नाही.

आणि हा रोग संसर्गजन्य नाही. तरीही इसब झालेल्या मुलीचा पेला वेगळा ठेवतात, शाळेत तिच्याशेजारी कुणी बसत नाही. विटाळ म्हणजे काय हे आपल्या आजी-आजोबांनी भोगले आहे. निदान आपल्या घरात तरी लेकराच्या वाट्याला ते येऊ नये, असे आम्हाला वाटते.

मात्र प्रत्येक खाज इसबाची नसते. कडेला लाल, मध्ये निवळलेले गोल चट्टे असतील तर ते गजकर्ण. बोटांच्या बेचक्यांत रात्री खाज वाढत असेल व घरातल्या दोघा-तिघांना ती असेल, तर खरूज समजावी; तिचे औषध सगळ्या घराने एकाच वेळी लावावे लागते. हे दोन्ही मात्र लागतात.

इथेच दुकानातली ट्यूब घात करते. अनेक ट्यूबांत स्टेरॉइड व आणखी दोन-तीन औषधे एकत्र असतात. गजकर्णावर ती लावली की चार दिवस खाज थांबते, मग चट्टा दुप्पट पसरतो. चेहऱ्यावर महिनोन्महिने लावल्यास कातडी पातळ होते. 2018 साली केंद्र सरकारने स्टेरॉइडची अनेक मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरी ती मागावी तशी मिळतातच! इसबावर डॉक्टरांनी तेच मलम दिले तर मात्र घाबरून अर्धवट सोडू नये. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत येईल एवढे मलम दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते.

रोजचा उपाय स्वस्त आहे. कडकडीत पाण्याने अंघोळ नको, कोमट पाणी, तेही थोडा वेळ. साबण कमी. अंग घासू नये, टिपावे, आणि ते ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल चोळावे. खाज नसली तरी हे रोज करावे; बहुतेक घरे नेमकी इथेच कंटाळतात. घोंगडीच्या आत जुन्या सुती लुगड्याची घडी घालावी. नखे कापावीत. बिब्बा, लसूण, रॉकेल यांनी कातडी भाजते. ते उपाय नव्हेत.

बांधकामावर जाणाऱ्यांचे हात फाटतात, त्याला ओला सिमेंट कारण. तो कातडी जाळतो, आणि त्यातल्या क्रोमियममुळे काहींना कायमची ॲलर्जी जडते. हाताला लागताच स्वच्छ पाण्याने धुवावे, संध्याकाळपर्यंत थांबू नये. धुणीभांडी करणाऱ्या भगिनींनी रबरी हातमोजे घालावेत, आत सुती मोजे असले तर उत्तम. हातमोजे मुकादमाकडे किंवा मालकिणीकडे मागण्यात संकोच कसला?

पू झाला, ताप आला, किंवा चट्टा झपाट्याने पसरू लागला तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. आणि फिकट किंवा लालसर चट्ट्यावर टोचलेले कळतच नसेल तर मुळीच वेळ दवडू नये. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते व तो पूर्ण बरा होतो.